तीन नंबर टाकीची पहिली धार

वरकुट्याच्या दादासो कोळेकराला वाईट वस्तू दुसऱ्याच्या हातात देता येत नसे. तुम्ही म्हणाल, हा तर गुण झाला. गुण कसला, रोग होता तो, आणि बापाकडून आलेला होता. बाप सोनबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. खतासाठी कुणाच्या वावरात मेंढरं बसवायची झाली, तर शेतकरी दोन रात्री म्हणायचा आणि सोनबा तीन बसवायचा. वर निघताना वावराचा कोपरा न कोपरा बघायचा, कुठं लेंडी कमी पडली का म्हणून. दादासोनं मेंढरं सोडली, अठ्ठ्याहत्तर साली साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत हमाल म्हणून लागला, खाकी कपडे आले, सायकल आली, पण रोग काही गेला नाही. शेजारीण वाटीभर तिखट मागायला आली की रोजचा डबा मागं सरकायचा आणि नवा डबा फुटायचा. त्याची बायको मुक्ताबाई कपाळाला हात लावायची.

"आपुन कवा खायचं चांगलं?" ती विचारायची. हा तोवर नव्या डब्याचं झाकण काढत असायचा.

अठरा वर्षांत तो हमालाचा कॉलम ऑपरेटर झाला होता. कॉलम म्हणजे चार मजले उंच नळकांडं. खालून वाफ चढते, हलकं असेल ते वर पळतं, जड असेल ते खाली उतरतं, आणि वरच्या तोंडातून अल्कोहोल निघतं. दादासो नळीला दोन बोटं लावून उष्णता सांगायचा, मीटर मागाहून तेच सांगायचं. शाळा सातवीपर्यंत, पण कॉलमचं दुखणंखुपणं त्याला मेंढरासारखं कळायचं.

पंच्याण्णवच्या दिवाळीनंतर कारखान्यात योगिनी मॅडम आल्या. बारामतीच्या, मुंबईत केमिकल इंजिनिअरिंग शिकलेल्या, वय असेल सत्तावीस. डिस्टिलरीतल्या लोकांनी पहिल्या दिवशी एकमेकांकडं बघून भुवया उडवल्या. दुसऱ्या दिवशी बाई ओढणी कमरेला बांधून चार मजले चढल्या, वर दादासो उभा होता, त्याला म्हणाल्या, "मामा, बोटाला नेमकं काय कळतं, मला शिकवा." अठरा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. माणूस त्या दिवसापासून त्यांचा झाला.

कारखान्याला आता नुसतं अल्कोहोल विकायचं नव्हतं. त्यात ॲसिड मिसळून इथाइल ॲसिटेट करायचं ठरत होतं. शाई, रंग, औषधं, सगळ्याला लागणारा माल. नखं रंगवायच्या बाटलीचा जो वास येतो ना, तोच वास. करायचं हे नक्की होतं, पण कसं करायचं याच्यावर घोडं अडलं होतं. एक रीत अशी, की एका भांड्यात दोन्ही एकत्र करून माल तयार करायचा आणि मग कॉलममध्ये नेऊन वेगळा काढायचा. दुसरी रीत नवी होती. भांडंच नको, सगळं एका कॉलमच्या पोटात. तिथंच माल तयार होणार आणि तिथंच वेगळा निघणार. कुठली रीत घ्यायची ते योगिनी मॅडमनी सांगायचं होतं, आणि त्यांचा शब्द संचालक मंडळ धरणार होतं.

दादासोला ते मॅडमनी फळ्यावर काढून समजावलं. घरी येऊन त्यानं भाकरी थापणाऱ्या मुक्ताबाईला आपल्या पद्धतीनं समजावलं.

"ही बघ, ॲसिड म्हंजी नवरी, अल्कोहोल म्हंजी नवरा. दोघांचं लगीन लागतंय. पर मांडवात तसंच बसवून ठिवलं की मोडतंय बी. निम्मी लागत्यात, निम्मी मोडत्यात, पुढं गाडी सरकत न्हाय. मग काय करायचं? लगीन लागलं की जोडपं उचलून भाईर. मांडवात थांबूच द्याचं न्हाय."

"मग चांगलंच हाय की."

"चांगलंच. एका कॉलमात खाली अक्षता आन् वर पाठवणी. पर मॅडम म्हणत्यात, सगळ्याच लग्नाला ही रीत चालत न्हाय. लगीन झटक्यात लागाय पायजे. लग्नाला जेवढी ऊब लागती, तेवढ्याच उबंत पाठवणी बी व्हाय पायजे. आन् नवरा लई चपळ, नुसता वर पळतोय. म्हणून त्येला खालनं सोडायचा आन् नवरीला वरनं, म्हंजी वाटंत गाठ पडती."

मुक्ताबाईनं भाकरी तव्यावर टाकली. "लगीन लावतं कोण पर?"

"रेझिन असतंय. राजगिऱ्याएवढं मणी. त्यो भटजी. नव्या रितीत त्येला कॉलमाच्या पोटातच कोंडून बसवायचा."

"आन् भटजी आजारी पडला तर? समदा मांडव उसकटायचा व्हय?"

दादासो हसला. बायकोला आपण समजावलं आणि तिनं लगेच बोट ठेवलं, याचं त्याला कौतुक वाटलं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, त्यानं तो प्रश्न मॅडमपुढं ठेवला. इथपर्यंत गडी खुशीत होता.

योगिनी मॅडमही हसल्या. त्यांच्या टेबलावर टाइप केलेला अहवाल होता. "काकूंनाच नोकरीवर घ्यायला पाहिजे," त्या म्हणाल्या. "मामा, सगळं ठरत होतं ते याच्यावरच. बाकीची गणितं जुळली होती. वेग पुरेसा आहे, उष्णता जुळते. धोका एकच होता, गंजाचा. अल्कोहोलमध्ये लोखंड उतरलेलं असलं तर रेझिन मरतं. भांड्यातलं रेझिन अर्ध्या दिवसात बदलता येतं. कॉलमच्या पोटातलं मेलं तर कॉलम थंड करा, उघडा, सगळं बाहेर काढा, दहा-पंधरा दिवस कारखाना बंद. म्हणून तर पुण्याच्या प्रयोगशाळेत महिनाभर चालवून बघितलं. आपल्या टाकीतल्या मालावर. तुम्हीच नाही का दोन कॅन भरून पाठवले? रेझिन महिन्यानंतरही नव्यासारखं. आता शनिवारी मंडळापुढं ठेवायचं, एकच कॉलम."

दादासो टेबलावरच्या अहवालाकडं बघत राहिला.

ते दोन कॅन टाकीतले नव्हते.

डिसेंबरात मॅडमनी सांगितलं होतं, मामा, तीन नंबर टाकीतून दोन कॅन भरून द्या, पुण्याला पाठवायचेत. आता तीन नंबर टाकी म्हणजे कारखान्याएवढीच जुनी. लोखंडी. आतून पापुद्रे सुटलेले. नळ सोडला की पहिली धार चहासारखी पिवळट यायची. नव्या प्लांटला पुरवठा त्याच टाकीतून होणार होता, पण दादासोला तेव्हा त्याचं काय. त्याच्या डोक्यात एकच आलं, की पुण्यात शिकलेसवरलेले लोक आपला माल बघणार, आणि असला गढूळ माल पाठवायचा? इंदापूर तालुक्याची शोभा करायची? त्यानं कॅन तीन वेळा विसळले. कॉलमवरून येणाऱ्या स्टीलच्या नळीला लावले, ताजं, काचेसारखं अल्कोहोल भरलं, तेही मधल्या वेळेचं, सगळ्यांत स्वच्छ. तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं. परवान्यावर दोन कॅन एवढंच लिहिलेलं, कुठल्या नळाचे हे कोण लिहितं. जीप फाटकाबाहेर पडली तेव्हा त्याला पाहुण्याच्या ताटात तूप वाढल्याचं समाधान झालं होतं.

आणि आता मॅडम समोर बसून अहवालाचं पान उलटत होत्या.

"मॅडम," तो म्हणाला, "टाकी बदलायची म्हटलं तर?"

"कशाला? टाकीला मंजुरी दोन वर्षं मिळायची नाही. आणि गरजच पडली नाही ना." मग त्या जरा लाजल्यासारख्या होऊन म्हणाल्या, "अजून एक. नव्या प्लांटचा फोरमन म्हणून तुमचं नाव दिलंय मी. बापूसाहेबांनी मान्य केलंय."

बापूसाहेब म्हणजे कारखान्याचे कार्यकारी संचालक. त्यांनी मान्य केलं म्हणजे झालं. हमाल म्हणून आलेला मेंढक्याचा पोरगा फोरमन. दादासोनं 'बरं' म्हटलं आणि बाहेर आला. कॅनचं सांगायचं राहूनच गेलं.

बुधवार असा गेला की त्याला वॉल्व्ह कुठला आणि चाक कुठलं कळेना. एक्साइज खात्याच्या साहेबांनी रोजच्या मापासाठी नळाचं कुलूप काढलं तेव्हा एक बाटली घेऊन तो तीन नंबरला गेला, पहिली धार धरली आणि बाटली खिडकीत ठेवली. दुपारपर्यंत तळाशी तपकिरी गाळ बसला. त्यानं बाटली हलवली, पुन्हा ठेवली. पुन्हा गाळ. गाळ बसणारच, त्याला काय दादासोची दया येणार होती?

मग त्यानं मनाशी वाद घालायला सुरुवात केली. माणूस अशा वेळी फार हुशार होतो. एवढ्याशा गंजानं काय होतंय. गाळणी बसवू. टाकी आतून घासून घेऊ. पण मॅडमनीच एकदा सांगितलेलं त्याला आठवत होतं, की विरघळलेलं लोखंड गाळणीत अडकत नाही, मीठ कुठं गाळणीत अडकतं? नवा कॉलम उभा राहील, दीड-दोन महिन्यांत भटजी पोटातल्या पोटात मरेल, आणि सगळा तालुका म्हणेल, बाईमाणसाच्या हातात दिलं की असंच होतं. हे वाक्य त्याला आधीच ऐकू येत होतं, कुणाकुणाच्या तोंडून येणार तेही त्याला ठाऊक होतं. पोरीचं नाव जन्माचं जाणार. आणि आपण तिनं दिलेल्या फोरमनच्या खुर्चीत बसून ते बघायचं.

गुरुवारी तो दोनदा केबिनच्या दारापर्यंत गेला. एकदा मॅडम फोनवर होत्या. दुसऱ्यांदा त्या एकट्याच होत्या, वर बघून त्यांनी "काय मामा?" विचारलंही. "काय न्हाय, पाणी प्यायला आलतो," म्हणाला, आणि माठ तिथं नव्हताच.

शुक्रवारी संध्याकाळी त्यानं ताटावरून हात मागं घेतला तेव्हा मुक्ताबाईनं ताट उचललंच नाही. "चार दिस झालं, जेवत न्हाय. काय केलंय ते सांगा," ती म्हणाली. त्यानं सगळं सांगितलं. सांगताना पहिल्यांदाच त्याला स्वतःचा राग आला.

"मी काय इष घातलं व्हतं का त्यात?" तो शेवटी म्हणाला. "चांगलंच दिलं न्हवं?"

मुक्ताबाईनं ताट जरा बाजूला सरकवलं.

"पोरगी बघायला पाव्हणं आल्यावर," ती म्हणाली, "शेजारणीचं लुगडं नेसवून बसवल्यागत झालं हे. तुमी पाव्हण्याचा मान ठेवला न्हाय, तुमी आपली लाज झाकली. त्या पोरीनं तुमच्या इस्वासावर सही केली."

एवढं बोलून तिनं ताट उचललं. दादासोला वाटलं होतं बायको समजूत घालेल. तिनं सालटंच काढलं.

शनिवारी अकराला बैठक होती. साडेनऊलाच तो केबिनमध्ये शिरला, बसा म्हणायच्या आत बसला. "मॅडम, त्ये कॅन टाकीतलं न्हवतं," तो म्हणाला. मग एका दमात सगळं, तीन वेळा विसळलेले कॅन, स्टीलची नळी, फडकं.

योगिनी मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग हळूहळू उतरला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी वही ओढली. कुठली नळी, किती वाजता, किती वेळ धार सोडली, एकेक विचारून लिहून घेतलं. शेवटी पेन ठेवलं.

"मंगळवारी माहीत होतं तुम्हाला?"

"व्हय."

"आणि आज सांगताय."

दादासोनं मान खाली घातली. त्या उठल्या, अहवाल उचलला आणि निघून गेल्या. चला म्हणाल्या नाहीत, थांबा म्हणाल्या नाहीत. तो त्यांच्यामागं बैठकीच्या खोलीपर्यंत गेला आणि बाहेर भिंतीला टेकून राहिला. दार अर्धवट उघडं होतं. आत मुंबईहून आलेले यंत्र बनवणारे पाहुणे होते, संचालक होते, चहाच्या कपांचा आवाज येत होता.

मॅडमचा आवाज आला. "आज निर्णय घेता येणार नाही. चाचणी चुकीच्या नमुन्यावर झाली आहे. अजून एक महिना लागेल."

मग बापूसाहेबांचा आवाज, आधी हळू आणि मग चढत गेलेला. पाहुणे एवढ्या लांबून आले, मंडळाला तारीख दिली, आणि तुम्हाला आज कळतंय? नमुना भरला कुणी?

"माझ्या सांगण्यावरून भरला होता. मी तिथं उभी राहायला हवं होतं, राहिले नाही. चूक माझी आहे."

भिंतीला टेकलेल्या दादासोच्या कानात हे शिसं ओतल्यासारखं गेलं. चार दिवस ज्या भीतीनं त्याला खाल्लं होतं, ती नेमकी त्याच्या डोळ्यांदेखत घडत होती, आणि अजून एक मिनिट तो गप्प राहिला असता तर कायमची घडून गेली असती. त्यानं दार ढकललं.

"साहेब, मी भरला. मॅडमनी टाकीतलाच सांगितला व्हता. मी चांगला माल भरला."

"चांगला म्हणजे?"

"पुण्याची माणसं. त्यास्नी गढूळ कसं पाठवायचं, साहेब?"

कुणीतरी फस्सकन हसलं. मग सगळेच हसले, पाहुणेही. बापूसाहेब हसले नाहीत. मॅडमही नाहीत. रागापेक्षा ते हसणं दादासोला जास्त लागलं, पण हसण्यामुळंच खोलीतला ताण उतरला हेही खरं. महिन्याची मुदत मिळाली. "आणि फोरमनचं बघू मग," बापूसाहेब कागद आवरत म्हणाले. ते 'बघू' कसलं असतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. पुढं ती जागा दुसऱ्याला गेली.

सोमवारी मॅडम दोन कॅन घेऊन स्वतः तीन नंबर टाकीपाशी आल्या. एक्साइजच्या साहेबांनी नळाचं कुलूप काढून दिलं आणि ते नोंद करायला त्यांच्या खोलीत गेले. दादासोला बरं वाटत होतं. आज मॅडम शेजारी उभ्या राहणार, धार बघणार, सही करणार. आपल्यावर काही उरणार नाही.

"पहिली धार सोडून द्यायची नाही," मॅडम म्हणाल्या. "कॅन विसळायचे नाहीत. जसं येईल तसं."

"बरं."

"मी निघते. भरून झाले की जीपमध्ये ठेवा."

दादासो घाबरला. "मॅडम, थांबा की. तुमच्या देखत भरतो."

"नको," त्या म्हणाल्या आणि खरंच निघून गेल्या. अजून त्या त्याच्याशी मोजकंच बोलत होत्या.

तो एकटा राहिला. आता हे ऐकून तुम्हाला हसू येईल, पण त्या नळापुढं दादासोला घाम फुटला. नळ सोडला, पिवळट धार कॅनच्या तळाशी आपटली, आणि त्याचा हात आपोआप कॅन बाजूला घ्यायला गेला. अठरा वर्षांची सवय, त्याच्या आधी बापाची. थोडी वाहून जाऊ दे, मग भर, कुणाला कळणार आहे? दुसऱ्या हातानं त्यानं पहिला हात धरून ठेवला. पापुद्र्यांचे कण तरंगताना दिसत होते. असला माल आपल्या हातानं, आपल्या नावानं परगावी पाठवायचा, या लाजेनं त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानं ते पुसलंही नाही, कारण दोन्ही हात गुंतले होते. दोन्ही कॅन काठोकाठ भरले. फडकं मात्र त्यानं धुतलेलंच बांधलं.

मॅडम कॅन घेऊन पुण्याला गेल्या, आणि नंतरचे दिवस तो रोज फोनकडं बघायचा. मनात दोन्हीकडून भीती. रेझिन टिकलं तर आपण उगाच आकांत केला, फोरमनकी उगाच गेली. मेलं तर मॅडमचा एक कॉलम गेला, त्यांनी इतके महिने रंगवलेला. काय मागावं देवाकडं, हेच त्याला कळत नव्हतं.

बाराव्या दिवशी योगिनी मॅडम पुण्याहून परत आल्या आणि थेट कॉलमखाली आल्या. हातात काचेची नळी होती, त्यात मणी. राखाडी असायचे, ते गंजलेल्या खिळ्याच्या रंगाचे झाले होते.

"अकराव्या दिवशी मेलं," त्या म्हणाल्या.

दादासोनं नळी हातात घेतली. "मग आता?"

"आता वेगळं. रेझिन बाहेर, दोन छोट्या भांड्यांत. एक चालू, एक बदलायला. मग कॉलम." त्यांनी नळी परत घेतली. "एकत्र करणं चुकीचं नव्हतं, मामा. या टाकीवर चुकीचं होतं. हे मला कागदावर कधी कळलं नसतं."

त्यांनी नव्या अहवालाचं पान त्याच्यापुढं धरलं. दादासो अक्षर लावून लावून वाचू लागला. टाकी क्रमांक तीन. पहिली धार, न विसळलेले कॅन. नमुना भरणारा, दादासो सोनबा कोळेकर. त्याखाली साक्षीदाराची ओळ होती. ती कोरी असेल असं त्याला वाटलं. कोरी नव्हती. मॅडमनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'गरज नाही.'

त्या दिवशी घरी आल्यावर त्यानं मुक्ताबाईला काही सांगितलं नाही. हातपाय धुतले, पाटावर बसला आणि ताट मागितलं. सकाळच्या दोन भाकरी उरल्या होत्या. ती नवीन थापायला उठली तर म्हणाला, "ऱ्हाऊ दे, हाय ती दे," आणि दोन्ही खाल्ल्या.